मॉनिटर शिक्षणपद्धती

वरच्या इयत्तेतील किंवा अभ्यासात पुढे गेलेल्या विद्यार्थ्यांकडून त्यांच्याच सहाध्यायांना पाठ देण्याची व्यवस्थाबद्ध पद्धती. तिला परस्पर अध्यापन, मद्रास पद्धती किंवा तिच्या दोन प्रवर्तकांच्या नावांवरून बेल-लँकेस्टर पद्धती असेही म्हणतात. अशा रीतीने शिकविणाऱ्या विद्यार्थ्यास ‘मॉनिटर’ ही संज्ञा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या पद्धतीचा यूरोप व अमेरिका या खंडांत मोठा प्रसार झाला आणि त्याच सुमारास ती मुंबई इलाख्यातील सरकारी शाळांसाठी अधिकृतपणे स्वीकारण्यात आली. तथापि तिचा उगम भारतातील गावशाळांशी जोडला जात असल्यामुळे, इंग्लंडमधून मुंबईस आलेली ही ‘नवी’ पद्धती मराठी मुलखाला कितपत नवी होती, हा प्रश्न महाराष्ट्राच्या शैक्षणिक इतिहासात महत्त्वाचा ठरतो.

इंग्रजी अमलापूर्वी महाराष्ट्रात प्राथमिक शिक्षण पंतोजींच्या शाळांतून मिळत असे. एखाद्या देवळाची ओसरी, वाड्याची पडवी किंवा पंतोजीचे स्वतःचे घर हीच शाळेची जागा असे. इयत्ता, वार्षिक परीक्षा, छापील पुस्तके यांपैकी काहीही नव्हते. मूल वर्षातील कोणत्याही मुहूर्तावर दाखल होई व गरजेपुरते शिक्षण झाले, की बाहेर पडे. त्यामुळे धूळपाटीवर पहिली अक्षरे गिरविणारा सहा वर्षांचा मुलगा आणि मोडी पत्रे वाचणारा व व्यापारी हिशेब करणारा चौदा वर्षांचा मुलगा हे एकाच ओसरीवर, एकाच पंतोजीसमोर बसत. सर्वांना एकाच वेळी एकच पाठ देणे अशा शाळेत शक्यच नव्हते. पंतोजी एकेकाला जवळ बोलावून त्याचा पाठ घेई, कित्ता घालून देई. तेवढ्या वेळात इतरांना कामाला लावण्याचे काम मोठ्या मुलांकडे येई. लहानाचा हात धरून अक्षराचे वळण घोटवून घेणे, चुकलेली बाराखडी दुरुस्त करणे, उजळणी म्हणवून घेणे ही कामे ती मुले करीत. पाढे, तसेच पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी ही अपूर्णांकांची कोष्टके एका मुलाने पुढे होऊन एकेक ओळ म्हणावी व बाकीच्यांनी ती एका सुरात उचलावी, अशी रीत होती. सायंकाळचा परवचाही याच रीतीने चाले. या व्यवस्थेला कोणी पद्धती म्हटले नाही किंवा तिच्यावर ग्रंथ लिहिला नाही. शाळेच्या रचनेतूनच ती आपोआप आली होती. पुढे सांगणाऱ्या मुलाची स्वतःची उजळणीही तीतच होऊन जाई.

दक्षिण भारतातील या रीतीचे एक लक्षणीय वर्णन इटालियन प्रवासी प्येत्रो देल्ला व्हाल्ले याने करून ठेवले आहे. १६२३ मध्ये गोव्याहून इक्केरीच्या नायकाकडे निघालेल्या पोर्तुगीज वकिलातीबरोबर तो प्रवास करीत होता. वाटेत एका देवळाच्या पडवीत चार मुले जमिनीवर वाळू पसरून बोटाने अंक लिहीत व ते सुरात म्हणत असलेली त्याने पाहिली. जवळ शिक्षक नव्हता. एखादा भाग विसरला तर कोण सांगणार, या त्याच्या प्रश्नावर मुलांनी दिलेले उत्तर त्याने नमूद केले आहे: चौघेही एकाच वेळी तोच भाग विसरणे शक्य नाही, एकाचे चुकले, तर दुसरा आठवण देतो. परस्पर अध्यापनाचे मर्म इतक्या थोडक्यात क्वचितच सांगितले गेले असेल. पुढे दोनशे वर्षांनी, १८२३ मध्ये, बेल्लारीचा जिल्हाधिकारी ए. डी. कँबेल याने आपल्या जिल्ह्यातील देशी शाळांचा अहवाल पाठविला. त्यातही पुढे गेलेल्या मुलांकडून मागच्यांना शिकविण्याच्या रिवाजाची व त्यातील काटकसरीची त्याने प्रशंसा केली आहे.

या रिवाजाचे पद्धतीत रूपांतर करण्याचे श्रेय अँड्र्यू बेल (१७५३–१८३२) या स्कॉटिश धर्मोपदेशकास दिले जाते. तो १७८७ मध्ये मद्रास येथे आला व १७८९ मध्ये तेथील एग्मोर भागात सैनिकांच्या अनाथ मुलांसाठी निघालेल्या आश्रमशाळेचा अधीक्षक झाला. एके सकाळी घोड्यावरून फेरफटका मारीत असता एका देशी शाळेतील मुले वाळूत अक्षरे गिरविताना त्याने पाहिली आणि आपल्या शाळेच्या सर्वांत खालच्या वर्गात तीच रीत सुरू करण्याचे ठरविले. त्या वर्गाच्या शिक्षकास ही कल्पना रुचली नाही. तेव्हा बेलने जॉन फ्रिस्कन या आठ वर्षांच्या विद्यार्थ्याकडे तो वर्ग सोपविला. प्रयोग यशस्वी झाल्यावर इतर वर्गांतही विद्यार्थ्यांचीच योजना करण्यात आली. प्रत्येक वर्गात शिकविणारा व शिकणारा अशा जोड्या लावलेल्या असत, त्यांच्यावर साहाय्यक व त्याच्यावर विद्यार्थी-शिक्षक असे. १७९६ मध्ये बेल मायदेशी परतला व पुढच्याच वर्षी त्याने या प्रयोगाची हकिगत लंडन येथे प्रसिद्ध केली.

बेलने भारतीयांकडून नेमके काय घेतले, याविषयी मतभेद आहेत. वाळूवरील लेखन आपण देशी शाळेतून घेतले, हे त्याने मोकळेपणाने सांगितले; मुलांनी मुलांस शिकविण्याची कल्पना मात्र आपली स्वतःची असल्याचा त्याचा दावा होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांचे मत वेगळे दिसते. ३ जून १८१४ च्या आपल्या खलित्यात भारतातील गावशाळांच्या पुरातन अध्यापनरीतीचा उल्लेख करून, डॉ. बेलच्या द्वारे ती इंग्लंडमध्ये स्वीकारली गेली हाच तिचा सर्वांत मोठा गौरव होय, असा अभिप्राय त्यांनी नोंदविला. बेलच्या दाव्यात तथ्य असेलही. परंतु वाळूची रीत ज्या शाळेत त्याने पाहिली, त्याच प्रकारच्या शाळांत मुले परस्परांस शिकवीत होती, हे त्याच्या समकालीनांच्या नोंदींवरून स्पष्ट आहे. त्याने रचना उभी केली, उगम त्याच्याकडे जात नाही, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

जोसेफ लँकेस्टर (१७७८–१८३८) याने १७९८ मध्ये लंडनच्या साउथवर्क भागात गरीब मुलांसाठी शाळा काढली. शिक्षक नेमण्यास पैसा नसल्यामुळे तोही मोठ्या मुलांकडे वळला. त्याने या पद्धतीला कारखान्याचे रूप दिले. एका प्रशस्त दालनात शेकडो मुले बाकांच्या रांगांवर बसत. सुमारे दहा मुलांमागे एक मॉनिटर असे. मुलांच्या तुकड्या भिंतीलगत अर्धवर्तुळात उभ्या राहून टांगलेल्या तक्त्यावरून वाचन करीत. हजेरी, पाट्या, शिस्त यांसाठी स्वतंत्र मॉनिटर असत आणि सर्व हालचाली ठराविक हुकुमांवर होत. शिक्षक हा केवळ देखरेख करणारा होता. लँकेस्टर क्वेकर पंथाचा असल्याने छडीचा वापर करीत नसे. तथापि मुलाच्या गळ्यात लाकडी ओंडका अडकविणे किंवा त्याला टोपलीत बसवून छताला टांगणे, अशा लाजविणाऱ्या शिक्षा त्याच्या शाळेत होत्या. बेलच्या मागे प्रस्थापित चर्च व १८११ ची नॅशनल सोसायटी, तर लँकेस्टरच्या मागे चर्चबाह्य पंथ व पुढे ब्रिटिश अँड फॉरेन स्कूल सोसायटी हे नाव धारण करणारी संस्था, असे दोन तट पडले. १८३३ मध्ये ब्रिटिश संसदेने प्राथमिक शिक्षणासाठी प्रथमच मंजूर केलेले २०,००० पौंड या दोन संस्थांमार्फतच खर्च झाले. इंग्लंडमधील गरिबांच्या पहिल्या साक्षर पिढ्या घडविण्यात या बालशिक्षकांचा वाटा मोठा आहे.

मुंबईत ही पद्धती दोन वाटांनी आली. १८१५ मध्ये आर्चडीकन जॉर्ज बार्न्झ याच्या पुढाकाराने बाँबे एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. तिचा मुख्य हेतू गरीब यूरोपीय व अँग्लो-इंडियन मुलांचे शिक्षण हा होता. तिच्या शाळांत बेलची पद्धती चालत असे. मुंबईखेरीज सुरत व ठाणे येथेही तिच्या शाळा निघाल्या. ठाण्यास त्या काळी लष्करी ठाणे असल्याने तेथे अशा मुलांची वस्ती होती. मद्रासच्या किनाऱ्यावरून लंडनला गेलेली ही रीत सुमारे वीस वर्षांनी अशा प्रकारे पश्चिम किनाऱ्यावर उतरली. दुसरी वाट भारतीय मुलांच्या शाळांची. १८२० मध्ये याच संस्थेने एतद्देशीयांच्या शाळा व शालेय पुस्तके यांकरिता एक समिती नेमली. माउंट स्ट्यूअर्ट एल्फिन्स्टन (गव्हर्नर १८१९–२७) तिचा अध्यक्ष होता. १८२२ मध्ये ती स्वतंत्र संस्था झाली व १८२७ पासून ‘बाँबे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी’ या नावाने ओळखली जाऊ लागली. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस हा तिचा चिटणीस, सदाशिव काशीनाथ छत्रे (१७८८–१८३०) हे एतद्देशीय चिटणीस; छत्र्यांनंतर ते काम बाळशास्त्री जांभेकर (१८१२–४६) यांच्याकडे आले.

या संस्थेने १८२३ मध्ये एक विशेष समिती नेमून देशी शिक्षणाची पाहणी करविली. समितीने पुस्तकांचा अभाव, सदोष अध्यापनरीती, योग्य शिक्षकांची वाण व निधीची टंचाई असे चार दोष दाखविले. यांपैकी दुसऱ्या दोषावरील उपाय म्हणून लँकेस्टर पद्धतीची शिफारस करण्यात आली. त्या पद्धतीने शाळा कशी चालवावी, याचे मार्गदर्शन करणारी पुस्तिका देशी भाषांत करवून घेणे, तसेच निवडक तरुणांना मुंबईत ही पद्धती शिकवून जिल्ह्यांत पाठविणे, अशी योजना आखली गेली. १८२६ मध्ये असे २४ प्रशिक्षित शिक्षक मराठी व गुजराती जिल्ह्यांत रवाना झाले. मुंबई इलाख्यातील सरकारी प्राथमिक शाळांचा आरंभ यांच्यापासून होतो.

येथे एक विसंगती ठळकपणे दिसते. देशी शाळांची अध्यापनरीती सदोष ठरविणाऱ्यांनी तिच्या जागी जी रीत आणली, तिचा गाभा त्याच शाळांतला होता. अर्थात समितीचा आक्षेप सर्वस्वी निराधार नव्हता. पंतोजींच्या शाळांत अर्थबोधापेक्षा घोकंपट्टीवर भर होता, शिक्षा कठोर होत्या व छापील पुस्तक नव्हते. दादोबा पांडुरंग (१८१४–८२) यांच्या आत्मचरित्रात अशा शाळांचे जवळून घडणारे दर्शन फारसे सुखावह नाही. मात्र मुलांनी मुलांना शिकविणे हा त्या शाळांचा दोष नसून बलस्थान होते, हे समितीच्या लक्षात आले नाही.

१८२९ च्या सरकारी आकडेवारीवरून या विसंगतीचा आणखी एक पैलू उघड होतो. त्या वर्षी मुंबई इलाख्यात २५ सरकारी शाळांत १,३१५ आणि १,६८० देशी शाळांत ३३,८३८ विद्यार्थी होते. म्हणजे सरकारी शाळेत सरासरी सुमारे ५३, तर देशी शाळेत जेमतेम २० मुले. लँकेस्टरची यंत्रणा शेकडो मुलांच्या दालनासाठी रचलेली होती. शिक्षकाच्या वेतनात बचत हे तिचे मुख्य प्रयोजन होते. वीस मुलांच्या ओसरीवर हुकूम, बिल्ले व मॉनिटरांची उतरंड यांना काहीच अर्थ नव्हता. तेथे बचत करावी असा दुसरा शिक्षकच नव्हता. गावशाळेत मोठे मूल लहानाला शिकवी, ते वेगवेगळ्या पातळीची मुले एकत्र बसत म्हणून. लंडनमध्ये ते शिकवी, ते माणसे परवडत नसत म्हणून. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या या दोन गोष्टींची मुंबईच्या शिक्षणखात्याच्या पूर्वसुरींनी गल्लत केली आणि पुढे एकीचे दोष दिसू लागताच दुसरीही त्याज्य ठरली.

परस्पर अध्यापनाला दोन्हीकडे एक पूर्वअट होती: मुलांनी शेजारी बसणे. ती महाराष्ट्रात फार थोड्यांच्या वाट्याला आली. पंतोजींच्या शाळांत अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांना प्रवेश नव्हता व मुली अपवादानेच असत. डिसेंबर १८२३ च्या आपल्या शिक्षणविषयक टिपणात एल्फिन्स्टनने, सर्वांत खालच्या जातींची मुले उत्तम विद्यार्थी ठरतात असे मिशनऱ्यांचा अनुभव सांगतो, हे नोंदवून लगेच सावधगिरीचा इशारा दिला, की शिक्षणाने प्रथम त्यांच्यातच मूळ धरले, तर ते पुढे इतरांत पसरणार नाही. १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेने एका महार मुलास प्रवेश नाकारला, तेव्हा मुंबई सरकारनेही त्याची बाजू घेतली नाही. ज्याची पाटी दुसऱ्याने हातात घ्यायची नाही, त्याला पाठ कोण देणार व त्याच्याकडून तो कोण घेणार? गुणानुक्रमाने जागा देणारी पद्धती आणि जन्मानुक्रमाने जागा देणारा समाज यांचा मेळ बसणे कठीण होते. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांना या मुलांसाठी पुण्यात वेगळ्या शाळा काढाव्या लागल्या, त्यामागे हीच वस्तुस्थिती होती.

इंग्लंडमध्ये १८४० च्या सुमारास मॉनिटर पद्धतीची लोकप्रियता ओसरली. दहा-अकरा वर्षांचा मॉनिटर सकाळी पाठ केलेले दुपारी पाठ करवून घेई, त्यापलीकडे तो जाऊ शकत नसे, असा मुख्य आक्षेप होता. शिकविण्यात वेळ गेल्याने त्याचे स्वतःचे शिक्षण खुंटते, अशीही तक्रार होती आणि ती अधिक गंभीर होती. १८४६ मध्ये जेम्स के-शटलवर्थ याने ‘विद्यार्थी-शिक्षक’ योजना आणली. तीत तेराव्या वर्षी निवडलेल्या विद्यार्थ्यास पाच वर्षे वेतन देऊन उमेदवारी करावी लागे. वुडच्या खलित्यात (१८५४) भारतासाठीही याच योजनेची शिफारस आहे. तत्पूर्वी १८४५ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत जांभेकरांच्या देखरेखीखाली अध्यापकवर्ग सुरू झाला होता. १८५५ मध्ये शिक्षणखाते निघाल्यावर इयत्ता, निरीक्षक व परीक्षा यांची चौकट पक्की झाली व वर्गाला एक शिक्षक हे प्रमाण मानले गेले. मॉनिटर हा शब्द मराठी शाळेत टिकला. पण त्याच्याकडचे शिकविणे गेले आणि फळा पुसणे, खडू आणणे व गडबड करणाऱ्यांची नावे लिहिणे एवढेच उरले.

याच काळात विद्यार्थ्यांनी शिकविण्याचा एक वेगळा प्रयोग मुंबईत झाला. एल्फिन्स्टन संस्थेतील तरुणांनी १८४८ मध्ये विद्यार्थ्यांची साहित्य व शास्त्रविषयक सभा स्थापन केली. तिच्या सदस्यांनी १८४९ मध्ये मराठी व पारशी मुलींसाठी शाळा काढून प्रारंभी त्यांत स्वतः विनावेतन शिकविले. दादाभाई नवरोजी हे त्यांच्यात अग्रभागी होते. हे सहाध्यायांचे अध्यापन नव्हे. ज्यांना सहाध्यायी होऊच दिले नव्हते, त्यांचे अध्यापन होते.

विसाव्या शतकात या जुन्या रीतीकडे पुन्हा पाहण्याचे श्रेय मुख्यतः मराठी शिक्षणतज्ज्ञांना आहे. रा. वि. परुळेकर यांनी मुंबई इलाख्यातील १८२०–३० या काळातील देशी शिक्षणाची कागदपत्रे संपादून १९५१ मध्ये प्रसिद्ध केली. साक्षरतेचा प्रसार खुंटण्यास दर्जाचा अवाजवी आग्रह कारणीभूत झाला, असे त्यांचे प्रतिपादन होते. सय्यद नुरुल्ला व जे. पी. नाईक यांनी ब्रिटिशकालीन भारतीय शिक्षणाच्या आपल्या इतिहासात (१९४३), इंग्लंडने जी देशी रीत उचलून जनसाक्षरता साधली तीच भारतात टाकून देण्यात आली, या विरोधाभासाकडे लक्ष वेधले. नाईक (१९०७–८१) व चित्रा नाईक (१९१८–२०१०) यांच्या पुणे येथील भारतीय शिक्षण संस्थेने १९७९ पासून पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात कामकरी मुलांसाठी अनौपचारिक शिक्षणाचा प्रकल्प राबविला. त्यात स्वयंअध्ययन व मुलांनी परस्परांकडून शिकणे यांना मुद्दाम स्थान दिले होते.

तत्कालीन ठाणे जिल्ह्यात (२०१४ पासून पालघर जिल्ह्यात) ताराबाई मोडक (१८९२–१९७३) व अनुताई वाघ (१९१०–९२) यांनी १९४५ पासून बोर्डी येथे व नंतर डहाणू तालुक्यातील कोसबाड येथे केलेले काम या दृष्टीने उल्लेखनीय आहे. धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी आदिवासी मुलगी घरी राहते, हे ध्यानी घेऊन त्यांनी पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात आणल्या. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालविली. मिश्र वयाची मुले एकत्र वाढावीत, हे माँटेसरी पद्धतीचे तत्त्व. वारली पाड्यावर तर ते घरोघरी आधीपासूनच वावरत होते.

पाश्चात्त्य देशांत १९६० नंतर मुलांनी मुलांना शिकविण्याच्या प्रयोगांना नव्याने चालना मिळाली. अमेरिकेत मागे पडलेल्या मोठ्या मुलांना लहान मुलांचे शिक्षक केले असता, शिकणाऱ्याइतकाच किंवा त्याहून अधिक लाभ शिकविणाऱ्यास होतो, असा अनुभव पुढे आला. रशियन मानसशास्त्रज्ञ व्हिगॉट्स्की (१८९६–१९३४) याच्या विचारांमुळे त्यास तात्त्विक आधारही मिळाला: अधिक जाणत्या सोबत्याच्या मदतीने मूल आपल्या एकट्याच्या आवाक्यापलीकडचे करू शकते.

महाराष्ट्रात हा विषय अजूनही व्यवहाराचा आहे. शिक्षणहक्क कायद्यानुसार (२००९) साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेस दोन शिक्षक मिळतात. वाड्या-पाड्यांवरील चार इयत्तांच्या शाळेत त्यामुळे एका शिक्षकाकडे किमान दोन इयत्ता येतात. पट वीसच्या आसपास असलेल्या अशा शाळा आकाराने १८२९ च्या देशी शाळेएवढ्याच आहेत. जिल्हा परिषदांच्या अनेक शाळांत अलीकडे ‘विषयमित्र’ नेमले जातात. एखाद्या विषयात पुढे असलेल्या मुलाने दोन-तीन सोबत्यांना हात द्यावा, असे तिचे स्वरूप असते. याउलट शिक्षक दिनी, ५ सप्टेंबरला, शहरांतील माध्यमिक शाळांतून दहावीचे विद्यार्थी साडी नेसून किंवा हातात हजेरीपत्रक घेऊन खालच्या वर्गांवर तास घेतात. १९६२ मध्ये हा दिवस पाळण्यास प्रारंभ झाला. त्या दिवशी शिक्षकांच्या खोलीतील खुर्च्यांवर मुले बसतात, मुख्याध्यापकाच्या सहीचा शिक्काही एका विद्यार्थ्याकडे दिला जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थनेच्या वेळी सर्वजण आपापल्या रांगेत असतात.